नांगर निघाल्याचं ड्रोनला कोण सांगणार? वाघोटण खाडीतल्या एका उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

काम साधं होतं. खाडीकाठच्या कांदळवनाचा ड्रोनने नकाशा करायचा. जागा वाघोटण खाडी, विजयदुर्गच्या आतल्या अंगाला; दक्षिणेला देवगड तालुका, उत्तरेला राजापूर. महिना फेब्रुवारी, तिथी एकादशी. संस्थेचं नाव आणि माणसांची नावं इथे देत नाही, त्यांची इथे गरजही नाही. ड्रोन शेवटी तिवराच्या खुंटांमध्ये चिखलात उतरला. कोणाला इजा झाली नाही. मेमरी कार्ड वाचलं, त्यामुळे उड्डाणाची सेकंदासेकंदाची नोंद हाती आली. ती नोंद आणि होडीतल्या चौघांचं सांगणं समोर ठेवून हे लिहितो आहे.

संस्थेच्या अहवालात कारण एका ओळीत आटोपलं आहे: "वैमानिकाचे दुर्लक्ष." या ओळीवर आक्षेप एवढाच, की ती वाचून पुढच्या होडीतला माणूस काहीही वेगळं करणार नाही.

नियमांच्या बाजूने बोट दाखवायला जागा नव्हती. ड्रोन दोन किलोच्या आतला, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे 'मायक्रो' वर्गातला. परिसर हरित क्षेत्रातला, तिथे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. हे उड्डाण ८० मीटरवर होतं. वैमानिकाकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र, यंत्राची नोंदणी, त्रयस्थ पक्षाचा विमा, सगळं जागेवर. म्हणजे तपासणीला कोणी आलं असतं तर शेरा 'समाधानकारक' असाच पडला असता.

होडीत कोण होतं

दोन्ही काठांना चिखल आणि तिवरांची दाटी, त्यामुळे जमिनीवरून उडवायला सोयीची जागा नव्हती. म्हणून उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेली, एक होडी भाड्याने घेतली. एकादशीमुळे मासळीला उठाव नसतो, तेव्हा होडी सहज मिळाली. होडीत चार माणसं: घाटावरून आलेला वैमानिक, त्याचा मदतनीस म्हणजे कागदोपत्री 'निरीक्षक', होडी चालवणारा तांडेल आणि तांडेलाचा पुतण्या. विजयदुर्गच्या धक्क्यावर सर्वेक्षणाचे साहेब थांबले होते. त्यांना संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्याची छायाचित्रं पुढे पाठवायची होती.

उड्डाणाआधीची बैठक धक्क्यावरच झाली. वैमानिक, निरीक्षक आणि साहेब अशी तिघांची. तांडेल त्या वेळी मशीनमध्ये इंधन भरत होता. त्याला कोणी बोलावलं नाही आणि आपण बोलावं असं त्यालाही वाटलं नाही. भाड्याने आणलेल्या होडीच्या माणसाला 'कुठे न्यायचं' एवढंच सांगायचं असतं, असा दोन्ही बाजूंचा समज होता.

भरतीची वेळ मात्र त्याच्याइतकी कोणालाच पाठ नव्हती. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला भरती भरली, म्हणजे साडेअकराच्या सुमारास सुकती (ओहोटी) जोरात आणि काठाजवळचं पाणी गुडघ्याइतकं. वैमानिकाच्या टॅबलेटमध्ये वाऱ्याचा अंदाज होता, उपग्रहांची संख्या होती, चुंबकीय अडथळ्याची सूचना होती. पाणी केव्हा ओसरेल हे त्यात कुठेच नव्हतं.

अकरा वीस ते अकरा अठ्ठेचाळीस

पहिली दोन उड्डाणं नऊनंतर झाली आणि ठीक झाली. होडी नांगरावर उभी, मतलई वारा पडलेला, खाडी तेलासारखी सपाट. ड्रोन उठायचा, आखलेल्या समांतर रेषांवरून स्वतःच फिरायचा आणि बॅटरी उतरली की स्वतःच होडीवर परत यायचा. वैमानिकाने त्याला हाताने धरून घेण्यापुरतं काम उरलं होतं.

तिसरं उड्डाण ११.२० ला सुरू झालं. उड्डाण घेताना यंत्राने नेहमीप्रमाणे ती जागा 'होम पॉइंट' म्हणून नोंदवली. ही नोंद अक्षांश-रेखांशांची असते. खाली होडी आहे, खडक आहे की पाणी, हे यंत्राला ठाऊक नसतं.

११.२४ ला तांडेल निरीक्षकाला म्हणाला, "सुकती लागली हा. हंय ऱ्हवलंव तर होडी रुततली. नांगर काढतंय." निरीक्षक म्हणाला, "हो काका, काढा." मशीन सुरू झालं आणि होडी खोल पाण्याच्या शोधात खाडीच्या मुखाकडे, पश्चिमेला, सुमारे चारशे मीटर सरकली. तिथे पुन्हा नांगर टाकला.

त्या वेळी निरीक्षक काय करत होता ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या एका हातात छत्री होती, टॅबलेटवर सावली धरण्यासाठी. फेब्रुवारीतल्या अकराच्या उन्हात पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, आकडे दिसत नाहीत. दुसऱ्या हातात वही, दर दोन मिनिटांनी बॅटरीची टक्केवारी लिहायला. आणि डोळे ड्रोनवर असणं अपेक्षित होतं. निरीक्षक नावाच्या माणसाला निरीक्षणासाठी एकही अवयव मोकळा नव्हता. तांडेलाचं बोलणं त्याने ऐकलं, होकार दिला आणि त्याच्या मते ते काम तिथे संपलं. होडीची बाब होडीवाल्याने बघितली.

वैमानिकाला होडी हलल्याचं कळलं नव्हतं असं अजिबात नाही. मशीनचा आवाज त्याने ऐकला, तोल सावरायला तो फळीवर बसला. नंतर विचारल्यावर तो म्हणाला, "होडी हलली हे मला माहीत होतं. पण मी त्या वेळी नकाशात होतो." हे वाक्य मला सगळ्या अहवालापेक्षा मोलाचं वाटतं.

११.४१ ला बॅटरी ३० टक्क्यांवर आली. यंत्राने विचारलं, परत येऊ का? दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली. शेवटची एक रेषा उरली होती. वैमानिकाने नकार दिला. रेषा पूर्ण झाली. ११.४४ ला, २४ टक्क्यांवर, त्याने स्वतः परतीचं बटण दाबलं.

पडद्यावर अंतराचा आकडा उतरू लागला. चारशे, दोनशे, ऐंशी, तीस. वैमानिकाने मान वर केली. डोक्यावर ड्रोन नव्हता. "दिसतोय का रे?" निरीक्षकाने छत्री बाजूला करून आभाळ पाहिलं. "नाही." आकडा आता शून्याजवळ. अकराच्या पुढे खारा वारा सुटला होता आणि होडीच्या कडेवर पाण्याच्या चापट्या बसत होत्या. त्यात पंख्यांचा आवाज कानावर येण्याची शक्यता नव्हती. वैमानिकाच्या मनात पहिला संशय आला तो जीपीएसवर. त्याने उपग्रहांची संख्या पाहिली, ती उत्तम होती. मग होकायंत्रावर. दरम्यान ड्रोन त्याच्या नियमाप्रमाणे खाली उतरू लागला होता.

खाली काय आहे हे बघायला त्याने कॅमेरा सरळ खाली वळवला. पडद्यावर करडा चिखल, त्यात पाण्याच्या बारीक शिरा, आणि वाकलेली एक बाई, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी घमेलं. जरा पलीकडे आणखी दोघी. सुकती लागल्यावर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरलेल्या. सकाळी जिथून ड्रोन उडाला, तिथे आता माणसं उभी होती.

त्याने परतीची आज्ञा रद्द केली आणि ड्रोन वर घेतला. तोवर उंची बारा मीटर आणि बॅटरी १७ टक्के. इथवर नोंदीत बटण दाबल्यापासून दोन मिनिटं गेलेली दिसतात, आणि त्यातला मोठा भाग 'हे काय चाललंय' या एकाच प्रश्नात गेला आहे.

पुढची दोन मिनिटं झटापटीची. होडी पश्चिमेला, वाराही पश्चिमेचा, म्हणजे परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर. शिवाय ड्रोनचं नाक कुठे आहे हे चारशे मीटरवरून डोळ्यांना कळत नाही. नाक आपल्याकडे असेल तर डावं-उजवं उलटं होतं आणि 'पुढे' म्हणजे 'आपल्याकडे' होतं; नाक पलीकडे असेल तर तीच दांडी त्याला दूर नेते. वैमानिकाने दांडी पुढे केली आणि ड्रोन साठ मीटर पूर्वेला गेला. मग त्याने दिशा सुधारली. होडी दीडशे मीटरवर असताना बॅटरी १० टक्क्यांवर आली आणि यंत्राने सक्तीचं उतरणं सुरू केलं. खाली वाहतं पाणी. इथे वैमानिकाने चांगला निर्णय घेतला: होडीचा नाद सोडला, ड्रोन वाऱ्यावर मागे जाऊ दिला आणि बायकांपासून दूर, तिवरांच्या कडेला उतरवला. तांडेलाचा पुतण्या मांडीभर चिखलातून जाऊन तो घेऊन आला. चारही मोटरींत खारा गाळ भरला होता.

माहीत असणं आणि जोडता येणं

मानवी घटकांच्या, म्हणजे यंत्रासोबत काम करताना माणूस कसा वागतो याच्या, अभ्यासात परिस्थितीच्या भानाचे तीन टप्पे मानतात. ही मांडणी अमेरिकी संशोधक मायका एंडस्ले यांची, १९९५ पासून रूढ आहे. पहिला टप्पा, गोष्ट नजरेस पडणं. दुसरा, तिचा अर्थ लागणं. तिसरा, आता पुढे काय होणार ते ओळखणं. आपल्या वैमानिकाचा पहिला टप्पा शाबूत होता. होडी हलल्याचं त्याला कळलं होतं. दुसरा तुटला. होडीचं हलणं आणि होम पॉइंटचं न हलणं या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत. दोन उड्डाणांत ड्रोन बिनबोभाट होडीवर आला, तेव्हा 'परत येतो तो माझ्याकडे येतो' असा समज पक्का झाला. खरं तर तो कधीच त्याच्याकडे येत नव्हता. तो एका आकड्याकडे येत होता आणि योगायोगाने वैमानिक तिथे बसलेला होता.

जमिनीवर शिकताना हा फरक कळायला वावच नसतो, कारण मैदान हलत नाही. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम काही दिवसांचा. महिला बचतगटांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेतही १५ दिवसांच्या प्रशिक्षणातले ५ दिवस उड्डाणाचे आहेत आणि बाकीचे फवारणी वगैरे शेतीच्या कामाचे. शेतासाठी ते रास्त आहे. किनाऱ्याची गोष्ट वेगळी. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने अनधिकृत मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड ही त्यातली आपल्या बाजूची ठिकाणं. पाण्यावरचं उडणं वाढत जाणार, आणि त्यातलं काही होडीवरूनही होणार.

आता पडदा. वैमानिक ज्या आकड्यावर विसंबला तो 'होमपासूनचं अंतर' होता. त्याला हवं होतं ते 'माझ्यापासूनचं अंतर'. पडद्यावर पहिला आकडा ठळक होता. दुसरा काढायचा तर नकाशा लहान करून आपली खूण आणि ड्रोनची खूण नजरेने मोजायची. त्याने नकाशा रेषा दिसाव्यात म्हणून मोठा करून ठेवला होता. आकडा बरोबर, वाचणाराही हुशार, आणि अर्थ मात्र चुकीचा.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २५ एप्रिल २००६ चं आहे, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या नोगालेसजवळचं. सीमेवर गस्त घालणारं प्रिडेटर बी जातीचं मानवरहित विमान पहाटे कोसळलं. त्याच्या जमिनीवरच्या कक्षात दिसायला एकसारखे दोन चालनमंच होते. एका मंचावरून विमान चालवायचं, दुसऱ्यावरून कॅमेरा. वैमानिकाचा मंच अडकला म्हणून त्याने ताबा दुसऱ्या मंचावर घेतला. अडचण एका लिव्हरची होती. कॅमेऱ्याच्या कामात तो लिव्हर प्रकाशझडप कमी-जास्त करतो. विमान चालवण्याच्या कामात तोच लिव्हर इंजिनाचं इंधन सांभाळतो. ताबा बदलण्याआधी दोन्ही मंचांवरचे लिव्हर एका जागी आणायचे असं तपासयादीत लिहिलं होतं. घाईत ती यादी पाहिली गेली नाही. कॅमेऱ्याच्या कामात सोडलेला लिव्हर इंधन बंद करण्याच्या जागी होता, आणि ताबा येताच इंजिन थांबलं. विमान उंची गमावतंय हे दिसत होतं, का ते कळत नव्हतं. पुढे ते खाली गेल्यामुळे रेडिओसंपर्कही तुटला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासानंतर २२ शिफारशी केल्या, आणि त्यांचा रोख वैमानिकापुरता नव्हता. मंचाची रचना, प्रशिक्षण, देखरेख सगळ्यांवर होता.

वाघोटणचा ड्रोन आणि ते अवाढव्य विमान यांची बरोबरी नाही. पण 'दिसतंय, कळत नाही' ही दोन मिनिटं दोन्हीकडे तीच आहेत.

तांडेलाचं बोलणं

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ११.२४ चा संवाद. माहिती उपलब्ध होती, वेळेवर होती, स्पष्ट शब्दांत होती. ती चुकीच्या माणसाकडे गेली आणि तिथेच विरली. तांडेलाला विचारलं, तुम्हाला वाटलं नाही का ड्रोन जुन्या जागी जाईल? तो म्हणाला, "वाटलेला. माका कोणी इचारूकच नाय." सकाळी दोनदा ड्रोन परत येताना त्याने पाहिला होता, आणि होडी हलवल्यावर हा आपल्याला शोधणार कसा, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. साहेब लोकांनी काही सोय केली असेल, असं समजून तो गप्प राहिला.

विमानवाहतुकीत या गप्प राहण्याची किंमत मोजून झाली आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. धावपट्टीवर दुसरं विमान अजून आहे की काय, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. मुख्य वैमानिकाने ती ठामपणे झटकली आणि इंजिनिअरने पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षांत कनिष्ठाने बोलावं कसं आणि वरिष्ठाने ऐकावं कसं याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत आलं, त्यामागे हा अपघात मोठं कारण होता. आपल्या होडीत तर तांडेल कनिष्ठही नव्हता. तो चमूतच धरलेला नव्हता.

३० टक्क्यांवर परतीला दिलेला नकार मी फार मोठा दोष मानत नाही. धक्क्यावर साहेब, होडीचं भाडं चालू, पाणी उतरतंय, एक रेषा बाकी. शंभरातले नव्वद वैमानिक तेच करतील. त्या रेषेमुळे वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतकी शिल्लक संपली हे खरं. पण तो धोका त्याने जाणून घेतला होता. होम पॉइंटचा धोका त्याला दिसलाच नव्हता.

बायकांची गोष्ट मात्र कोणीच धरली नव्हती. सकाळच्या पाहणीत 'खाली लोकवस्ती नाही, पाणी आहे' अशी नोंद आहे. नऊ वाजता ती खरी होती. आराखड्यासाठी घेतलेलं उपग्रह छायाचित्रही भरतीचं, त्यातही तो पट्टा निळा. ज्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, तिथे 'खाली काय आहे' हे एकदाच पाहून भागत नाही. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर एकादशीला तिसऱ्यांना किती वाजता उतरणार हे तिने घड्याळ न बघता सांगितलं असतं. दुसऱ्या दिवसाचा बाजार ठरलेला असतो.

पुढे काय बदललं

होम पॉइंट उड्डाणात बदलता येतो, वैमानिक जिथे आहे तिथे आणता येतो. ही सोय त्या यंत्रात आधीपासून होती. म्हणून पहिली सूचना आली ती 'होडी हलली की होम बदला' अशी. वैमानिकांनी तिला हरकत घेतली, आणि ती बरोबर होती. गर्दीच्या क्षणी आठवून करायचं आणखी एक काम वाढवलं, तर ते विसरण्याची आणखी एक जागा तयार होते. शिवाय होडी पुन्हा हलली की नवी नोंदही शिळी.

बऱ्याच चर्चेनंतर ठरलं ते असं. होडीवरून उडवताना होम पॉइंट होडीवर ठेवायचाच नाही. काठावर भरतीतही कोरडी राहणारी, माणसं नसलेली एक जागा आधी जाऊन पाहायची, बहुधा जांभ्याचा उघडा कातळ, आणि संपर्क तुटला तर ड्रोन तिथे उतरेल असं ठरवून ठेवायचं. होडीवर परत आणायचं ते हाताने, आणि त्यासाठी बॅटरीची मर्यादा वर घ्यायची. ड्रोन हवेत असताना नांगर उचलायचा असेल तर तांडेल थेट वैमानिकाला सांगेल आणि वैमानिक तेच शब्द मोठ्याने परत म्हणेल. म्हटले नाहीत तर नांगर निघणार नाही. छत्रीचं काम पुतण्याकडे गेलं, टॅबलेटला काळ्या कापडाचा आडोसा शिवून घेतला, निरीक्षकाची वही काढून घेतली. बॅटरीची नोंद यंत्र स्वतः ठेवतंच, ती पुन्हा हाताने कशाला लिहीत होते याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

तांडेल आता धक्क्यावरच्या बैठकीत बसतो आणि तिथी तोच सांगतो. त्या दिवशी पाणी आणि वारा कसा वागेल हे आधी त्याच्याकडून ऐकायचं, मग रेषा आखायच्या. त्याच्या सांगण्यावरून त्या पट्ट्यातली उड्डाणं भरती चढत असताना उरकायची ठरली, चिखलावर कोणी उतरण्याआधी. त्यामुळे रोजचं काम निम्म्यावर आलं आणि होडीचे दिवस वाढले. वाढलेल्या दिवसांचं भाडं अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरायचं, यावर संस्था आणि साहेबांचं कार्यालय यांच्यात अजून पत्रव्यवहार चालू आहे.